शीड दिसल्यानंतरची गोष्ट : चार पिढ्यांची कादंबरी लिहिताना

जहाज फुटल्याच्या बहुतेक कथा सुटकेपाशी संपतात. क्षितिजावर एक शीड दिसते, किनाऱ्यावरची माणसे हात उंचावतात आणि लेखक त्यांना घरी पोचवून मोकळा होतो. ज्यांच्यासाठी ते शीड कधी आलेच नाही, किंवा आले तेव्हा त्यांची पतवंडे किनाऱ्यावर उभी होती, अशा माणसांविषयी मला लिहायचे होते. २८ एप्रिल १६५६ रोजी डच ईस्ट इंडिया कंपनीचे 'व्हरगुल्ड ड्राक' हे जहाज ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या खडकांवर फुटले. ७५ माणसे जिवंत किनाऱ्याला लागली. त्यांपैकी सात जण लहान होडीने बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, पोचले आणि त्यांच्या सांगण्यावरून उरलेल्या ६८ जणांच्या शोधासाठी जहाजे पाठवली गेली. ती माणसे मात्र कुणाला सापडली नाहीत. कंपनीच्या दप्तरातली त्यांची नोंद तेथे थांबते. त्या ६८ जणांनी पुढे काय केले असेल, त्यांच्यातल्या कुणाला मुले झाली असतील का आणि त्या मुलांना आपण कोण आहोत म्हणून सांगितले गेले असेल, या प्रश्नांनी माझ्या कादंबरीला सुरुवात झाली. तिचा काळ मी १७४३ ते १८५० असा ठरवला आणि तिच्यात चार पिढ्या आहेत.

आरंभी मी खूप वाचले. फुटलेल्या जहाजांविषयी जे लिहिले गेले, त्यातला मोठा भाग कंपन्यांनी करवलेल्या चौकशांचा आहे, आणि कंपनीला आधी माल कुठे बुडाला ते हवे असे, माणसे नंतर. १६२९ मध्ये हाउटमन अब्रोल्होस बेटांवर फुटलेल्या 'बटाव्हिया' जहाजाच्या कागदांत बंड, खून आणि शिक्षा यांची सविस्तर हकीकत आहे, आणि तिच्या जोडीला चांदीच्या पेट्या पाण्यातून वर काढण्याचा हिशोबही तितक्याच तपशिलाने आहे. सुरुवातीला या हिशोबांचा मला कंटाळा येई. पुढे मी तेच आधी वाचू लागले, कारण माणूस आपल्या जबानीत स्वतःला सांभाळून बोलतो, पण किती पिंपे, किती खिळे आणि किती वार कापड किनाऱ्यावर आले याची यादी करणाऱ्याला काही लपवण्याचे सहसा कारण नसते.

तीन जागांनी माझ्या कादंबरीला आकार दिला. पहिली बर्म्युडा. जुलै १६०९ मध्ये 'सी व्हेंचर' हे इंग्रजी जहाज तेथील खडकांत अडकले आणि त्यावरची सुमारे दीडशे माणसे सुखरूप उतरली. सुमारे दहा महिन्यांत त्यांनी देवदारासारखे तेथील लाकूड आणि मोडक्या जहाजाचे सामान वापरून दोन नवी जहाजे बांधली. फळ्यांच्या फटी बुजवण्यासाठी चुना आणि कासवाचे तेल एकत्र मळून वापरले. मे १६१० मध्ये बाकीचे निघून गेले, तेव्हा दोघे जण मागे राहिले. जाण्याची सोय असताना राहणारी माणसे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली, कारण वसाहत तेथे सुरू होते. अडकून पडणे हा अपघात असतो. राहणे हा निर्णय असतो, आणि अनेक पिढ्यांच्या कादंबरीला पायाशी असा एक निर्णय लागतो.

दुसरी जागा हिंदी महासागरातील ट्रोमलँ हे बेट. ३१ जुलै १७६१ च्या रात्री 'ल्युटिल' हे फ्रेंच जहाज तेथे फुटले. त्यावर मादागास्करहून चोरून आणलेले गुलाम होते. फ्रेंच खलाशांनी मोडक्या लाकडांतून एक बोट बांधली, सर्व फ्रेंचांना घेऊन ती निघून गेली, आणि सुमारे साठ मालागासी स्त्री-पुरुषांना परत येण्याचे वचन देऊन त्या जेमतेम एक चौरस किलोमीटरच्या, झाड नसलेल्या वाळूच्या पट्टीवर ठेवण्यात आले. २९ नोव्हेंबर १७७६ रोजी त्यांच्यापर्यंत पोचलेल्या जहाजाला तेथे सात स्त्रिया आणि आठ महिन्यांचे एक मूल एवढीच माणसे मिळाली. पंधरा वर्षे त्यांनी विस्तव विझू दिला नव्हता. २००६ पासून तेथे झालेल्या उत्खननात प्रवाळाच्या दगडांच्या भिंती सापडल्या आणि तांब्याची भांडीही सापडली. त्या भांड्यांची छायाचित्रे मी कितीतरी वेळ पाहत राहिले. भांडे फुटले की त्यावर तांब्याचा तुकडा ठेवून तांब्याच्याच बारीक रिवेटांनी तो ठोकून बसवलेला. ते ठिगळ फाटले की त्यावर दुसरे ठिगळ. ओतकाम नाही, तरी ठोकणारा हात सराईत आणि काटेकोर आहे. उद्या कुणी येईल या आशेवर दिवस ढकलणारा माणूस भांड्याला इतके नीट ठिगळ लावत नाही. ज्याने हे ठिगळ लावले, त्याने याच भांड्यात पुढची कित्येक वर्षे शिजवायचे आहे असे मनाशी धरले होते.

तिसरे उदाहरण जागेपेक्षा समाजाचे आहे. कोकणातील बेने इस्रायल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्याबरोबरचे ग्रंथ समुद्रात गेले. पुढच्या शतकांत भाषा बदलली, पोशाख बदलला, आडनावे गावांवरून पडली आणि तेल गाळण्याचा धंदा अंगवळणी पडला. टिकले ते शनिवारी घाणा बंद ठेवणे, सुंता, खाण्याचे काही नियम आणि शेमा ही एक प्रार्थना. शनिवारी काम न करणारे म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणू लागले. हे वाचल्यावर माझ्या कादंबरीचा कणा मला सापडला. पिढ्यांच्या प्रवासात कथा बदलतात, पण हाताला लागलेली सवय टिकते, आणि पुष्कळदा तिचे कारण विसरल्यानंतरही ती टिकते. तेव्हापासून प्रत्येक पिढीबाबत मी दोन प्रश्न स्वतःला विचारू लागले: यांना फुटलेल्या जहाजाविषयी काय माहीत आहे, आणि माहीत नसतानाही हे काय करत आहेत?

त्यानंतर जहाज ठरवायचे होते. मी ते इंग्लिश ईस्ट इंडिया कंपनीचे, पूर्वेकडून परतीच्या वाटेवरचे असे घेतले. परतीच्या प्रवासात खलाशी कमी पडत, म्हणून अशा जहाजांवर लष्कर, म्हणजे आशियाई खलाशी, भरती केले जात. त्यामुळे किनाऱ्यावर पोचणारी माणसे पहिल्या दिवसापासूनच एका भाषेची आणि एका धर्माची नसतात. वर्ष १७४३ घेण्यामागे रेखांशाचा प्रश्न होता. अक्षांश सूर्याच्या किंवा ताऱ्याच्या उंचीवरून काढता येई, पण रेखांशासाठी समुद्रावर अचूक चालणारे घड्याळ हवे होते. जॉन हॅरिसनचे चौथे घड्याळ चाचणीसाठी समुद्रावर गेले ते १७६१ मध्ये. त्याआधीचा कप्तान आपण पूर्व-पश्चिम नेमके कुठे आहोत हे वेग, दिशा आणि गेलेला काळ यांच्या अंदाजाने ठरवत असे आणि शेकडो मैलांनी चुकू शकत असे. या एका अज्ञानावर माझ्या कथेतल्या दोन घटना उभ्या आहेत. जहाज फुटते ते त्यामुळे. आणि होडीतून मदतीसाठी गेलेली माणसे जिवंत पोचली, तरी मागे राहिलेली माणसे नेमकी कुठे आहेत हे त्यांना सांगता येत नाही. शोध घेणारे प्रामाणिक असूनही त्यांना कुणी सापडत नाही, हे मला दाखवायचे होते. कुणा खलनायकाच्या विश्वासघातावर सारी कादंबरी टांगणे मला नको होते.

यानंतर मी जे काम केले त्याची वाचकाला कधी जाणीव होणार नाही, पण माझ्या मते कादंबरी त्यावर उभी आहे. किनाऱ्याला लागलेल्या प्रत्येक वस्तूची मी एक खतावणी ठेवली. वस्तू कोणती, किती, कुणाच्या ताब्यात, आणि कधी संपते किंवा मोडते. दारूगोळा दमट हवेत दुसऱ्याच वर्षी निकामी होतो. शिडाच्या कापडाचे आधी तंबू, मग कपडे, मग लंगोट, मग जखमेवरच्या पट्ट्या होतात आणि ते पंधराव्या वर्षी संपते. काचेच्या बाटल्या फुटल्यावरही कामाला येतात, कारण काचेच्या तुकड्याने कातडे तासता येते. सर्वांत मोठा हिशोब लोखंडाचा होता. फुटलेल्या जहाजाच्या फळ्या माणसे सरपणासाठी जाळत नाहीत. खिळे काढण्यासाठी जाळतात आणि राख चाळून खिळे परत मिळवतात. जहाजाच्या लाकडी तळाला संरक्षणासाठी ठोकतात तो तांब्याचा पत्रा मी मुद्दाम टाळला, कारण ब्रिटिश आरमाराने 'अलार्म' या जहाजावर तो प्रयोग केला तो १७६१ मध्ये, आणि १७४३ च्या जहाजाला तो असता तर माझ्या माणसांकडे तांबेच तांबे झाले असते.

या खतावणीतून प्रसंग आपोआप येत गेले. दुसऱ्या भागातले सुईचे प्रकरण त्यातलेच आहे. वसाहतीत पोलादी सुया चार उरलेल्या असतात, मग दोन, मग एक. ती एक सुई सुइणीच्या ताब्यात असते आणि शिवायला हवी त्याने तिच्या घरी येऊन, तिच्या नजरेसमोर, दिवसाउजेडी शिवायचे, असा दंडक असतो. दोरा ओवण्यापूर्वी ती सुई केसांतून दोनदा फिरवते, म्हणजे गंज धरत नाही. एका दुपारी बाळंतिणीला टाका घालताना सुईचे नेढे तुटते. सुईण काही बोलत नाही. तुटलेली सुई पुसून पुन्हा वेळूच्या नळीत ठेवते आणि माशाच्या काट्याला भोक पाडायला बसते. या प्रसंगात मी कुणाला रडू दिले नाही. पहिल्या पिढीतल्या म्हाताऱ्याला त्या सुईबरोबर आपला देश गेल्यासारखे वाटते आणि दाराशी बसलेल्या मुलीला फक्त आईला काटा टोचेल याची काळजी वाटते. दोन पिढ्यांमधले अंतर दाखवायला मला याहून अधिक काही लागले नाही.

माणसांचा हिशोब वस्तूंपेक्षा अवघड गेला. माझ्या किनाऱ्यावर एकतीस माणसे पोचतात, त्यांत स्त्रिया पाच. पहिल्या हिवाळ्यानंतर ती एकवीस उरतात. अशा आकड्यांतून चार पिढ्या उभ्या करायच्या, तर कोण कुणाशी लग्न करू शकतो हा प्रश्न तिसऱ्या पिढीपासून गळ्याशी येतो. इतिहासाने येथे पुष्कळ मदत केली. 'बाउंटी' जहाजावरचे बंडखोर १७९० मध्ये पिटकर्न बेटावर उतरले तेव्हा पुरुष जास्त आणि स्त्रिया कमी होत्या. पुढची काही वर्षे पुरुषांनी एकमेकांचे खून करण्यात घालवली आणि १८०८ मध्ये एक अमेरिकी जहाज तेथे पोचले तेव्हा एकच बंडखोर जिवंत होता, त्याच्या भोवती स्त्रिया आणि मुलेबाळे. ट्रिस्टन द कुन्हा बेटावर १८२७ मध्ये एकट्या राहणाऱ्या पाच पुरुषांसाठी सेंट हेलेनाहून पाच स्त्रिया आल्या आणि तेथील वंश चालू राहिला. त्याच बेटावर १८९२ मध्ये फुटलेल्या जहाजावरचे दोन इटालियन खलाशी राहिले आणि त्यांची आडनावे आजही तेथे आहेत. थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या या वस्तीत दम्याचे प्रमाण फार मोठे आहे. माझ्या तिसऱ्या पिढीत एका घराण्यात धाप लागण्याचा आजार येतो तो याच वाचनातून.

वंशवेल मी मोठ्या कागदावर काढली आणि प्रत्येकाच्या नावाखाली जन्म, मृत्यू, आणि कोणत्या आजीआजोबांबरोबर त्याचे बालपण गेले, हे तिसरे सदर ठेवले. हे सदर मला सर्वांत उपयोगी पडले. मुलाला गोष्टी आईबापांकडून कमी आणि आजीआजोबांकडून जास्त मिळतात, म्हणून स्मृती एक पिढी ओलांडून उडी घेते. ज्या मुलाचा आजोबा लष्कर खलाशी होता आणि ज्या मुलीची आजी अधिकाऱ्याच्या बायकोची मोलकरीण होती, त्या दोघांना त्याच रात्रीच्या दोन निराळ्या हकीकती ठाऊक असतात. एकीत कप्तान शेवटपर्यंत सुकाणूपाशी उभा असतो. दुसरीत पहिली होडी अधिकाऱ्यांना घेऊन निघते आणि खालच्या मजल्याची झडप बाहेरून बंद असते. मी कादंबरीत त्या रात्रीचे वर्णन स्वतः एकदाही केलेले नाही. ती रात्र वाचकाला माणसांच्या तोंडूनच कळते, आणि दर पिढीला ती बदलते.

यातून निवेदनाची रीतही ठरली. पहिला भाग जबानीच्या रूपात आहे, कारण त्या माणसांना अजून वाटते की एक दिवस कुणीतरी आपल्याला विचारणार आहे. दुसरा भाग सांगण्या-ऐकण्याचा आहे, रात्री विस्तवाभोवती. तिसऱ्या भागात जमिनीचे भांडण आहे आणि जो तो आपल्या पूर्वजाने कोणता ओढा आधी पाहिला याचे दाखले देतो. माझ्या समजुतीने वसाहतीच्या इतिहासात हा टप्पा टळत नाही. संकट भोगलेल्यांसाठी ते दुःख असते, त्यांच्या मुलांसाठी ती गोष्ट असते, आणि नातवंडांच्या हाती ते हक्काचे कागद होतात. चौथा भाग मी पुन्हा सरळ निवेदनात लिहिला, एका स्त्रीच्या मागोमाग चालत.

नव्या भूमीविषयी मी सर्वांत जास्त काळ विचार केला. कोणती भूमी नवी आणि कुणासाठी? निर्जन बेट घेतले असते तर लेखन सोपे झाले असते, पण बहुतेक किनाऱ्यांवर माणसे आधीपासून होती, आणि वाचलेल्यांचे जगणे त्यांच्या दयेवर आणि ज्ञानावर अवलंबून होते. आग्नेय आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अठराव्या शतकात जहाज फुटून वाचलेली एक इंग्रज मुलगी म्पोंडो लोकांत वाढली, तेथील प्रमुखाशी तिचे लग्न झाले आणि तिचा वंश तेथे आहे. त्याच किनाऱ्यावरील आबेलुंगू हे कूळ आपली उत्पत्ती फुटलेल्या जहाजांवरच्या माणसांपासून सांगते. येथे आलेली माणसे यजमानांत मिसळून गेली, त्यांनी कुणाची जमीन 'वसवली' नाही. हा शेवट मला वसाहतीइतकाच खरा वाटतो.

माझे बेट कल्पित आहे आणि त्यावर बारमाही वस्ती नाही, पण दक्षिणेच्या बेटावरची माणसे दरवर्षी कासवांच्या हंगामात तेथे येतात. पहिल्याच आठवड्यात सुताराला झऱ्याजवळ तीन दगडांची चूल दिसते. दगड आतून काळे आहेत, पण मधल्या राखेतून गवत उगवले आहे. तो ती चूल कुणाला दाखवत नाही. गवत पाहून तो अंदाज बांधतो की माणसे गेल्याला निदान एक पावसाळा झाला असावा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच दगडांवर स्वतःचे भांडे चढवतो. तिसऱ्या पिढीत जेव्हा 'आम्ही येथे पहिले आलो' असे भर सभेत म्हटले जाते, तेव्हा ही चूल वाचकाच्या लक्षात असावी, एवढीच माझी अपेक्षा आहे. पात्रांपैकी कुणीही तिची आठवण काढत नाही. हंगामी येणाऱ्या लोकांना मी कुठल्याही खऱ्या समाजाच्या चालीरीती उसन्या दिल्या नाहीत. त्यांना दिले ते कामाचे ज्ञान: कोणत्या चंद्राला कासवे चढतात, घरट्यातली किती अंडी घ्यायची आणि किती ठेवायची, आणि झऱ्याच्या वरच्या अंगाचे एकही झाड का तोडायचे नाही.

शेवटचा नियम वाचलेली माणसे पाळत नाहीत, आणि कादंबरीतील खरा काळपुरुष म्हणजे तो झरा आहे. जहाजावरच्या शेळ्या किनाऱ्याला लागतात तेव्हा सारी वस्ती देवाचे आभार मानते. सेंट हेलेनावर पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात सोडलेल्या शेळ्यांनी तेथील रानाचे काय केले हे मला ठाऊक होते. माझ्या माणसांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पहिल्या पिढीत शेळ्या म्हणजे दूध, दुसऱ्या पिढीत संपत्ती, तिसऱ्या पिढीत उतारावर नवे रोप तग धरत नाही आणि चौथ्या पिढीत उन्हाळ्यात झरा आटतो. एवढी संथ आपत्ती एका माणसाच्या आयुष्यात दिसत नाही. ती दाखवता यावी म्हणूनच चार पिढ्यांची लांबी वाजवी ठरते, असे मला लिहिताना वारंवार वाटले.

पिढी बदलते तेथे वाचकाला धरून ठेवणे, हे या प्रकारच्या कादंबरीतले सर्वांत नाजूक काम असते. दोनशे पाने ज्याच्याबरोबर घालवली तो सुतार मरतो आणि त्याच्या नातवाबद्दल वाचकाला अजून काहीच वाटत नसते. वारशाची एखादी वस्तू हातोहात देण्याची युक्ती मी टाळली, कारण माझ्या खतावणीप्रमाणे तशी वस्तू शिल्लकच राहत नव्हती. त्याऐवजी मी टेकडीवरचा विस्तव घेतला. पहिली पिढी तो जहाजांना दिसावा म्हणून पेटवते आणि पाळीपाळीने राखते. दुसऱ्या पिढीला पाळी चुकवली की शिक्षा होते, एवढे कळते. तिसऱ्या पिढीत लग्नापूर्वी मुलाने एक रात्र विस्तव राखायचा, असा रिवाज पडलेला असतो आणि त्याची गाणी असतात. चौथ्या पिढीत कोळ्यांच्या होड्या रात्री त्याच्या खुणेने परततात. प्रत्येक भागाच्या पहिल्या प्रकरणात कुणीतरी सरपण घेऊन तीच टेकडी चढतो. वाट ओळखीची असल्यामुळे चढणारा नवा असला तरी वाचक त्याच्याबरोबर चालतो, असा अनुभव हस्तलिखित वाचणाऱ्यांनी मला सांगितला.

दिनदर्शिकेने मला एक अनपेक्षित देणगी दिली. इंग्लंडने सप्टेंबर १७५२ मध्ये जुनी ज्युलियन गणना सोडून ग्रेगोरियन गणना स्वीकारली आणि अकरा दिवस गाळले. माझी माणसे १७४३ पासून बेटावर आहेत. त्यांना हे कळणे शक्यच नाही. ती जुन्या रीतीने, प्रत्येक चौथे वर्ष लीप धरून, दिवस मोजत राहतात, आणि १८०० हे वर्ष नव्या गणनेत लीप नसल्यामुळे त्यानंतर फरक बारा दिवसांचा होतो. १८५० मध्ये समुद्राची मोजणी करणारे एक जहाज बेटाशी नांगर टाकते. तरुण अधिकारी नोंदवहीसाठी तारीख विचारत नाही, ती त्याच्याकडे आहे. पण म्हातारी आपण होऊन सांगते की आज नाताळ, आणि तुम्ही चांगल्या दिवशी आलात. त्याच्या वहीत सहा जानेवारी असते. तो आधी तिला समजावतो, मग तिने दाखवलेल्या खांबावरच्या खाचा मोजायला बसतो आणि दुपारपर्यंत त्याच्या ध्यानात येते की एकशे सात वर्षांत या लोकांचा एकही दिवस चुकलेला नाही. हे प्रकरण लिहिताना मला जो आनंद झाला तो सबंध लेखनात इतरत्र झाला नाही. फक्त खाचांच्या मोजणीसाठी मी स्वतः सारा हिशोब कागदावर करून पाहिला, कारण वाचकांपैकी कुणीतरी तो करणारच.

शेवट काय करावा याविषयी मी दीर्घकाळ अनिश्चित होते. जहाज आले म्हणजे सुटका, हे समीकरण १८५० मध्ये लागू नव्हते. सुटका कुणाची आणि कशातून, असा प्रश्न होता. पिटकर्नची माणसे १८५६ मध्ये बेट अपुरे पडू लागल्यामुळे सारीच्या सारी नॉरफोक बेटावर गेली आणि त्यांतली काही कुटुंबे काही वर्षांतच परत आली, हे उदाहरण माझ्यापुढे होते. माझ्या कादंबरीत अधिकारी बेटाला आपल्या सरकारचे नाव देतो, नकाशावर खूण करतो आणि ज्यांना यायचे त्यांना घेऊन जाण्याची तयारी दाखवतो. झरा आटलेला असतो, म्हणून प्रश्न खराखुरा असतो. कोण जातो आणि कोण राहतो हे मी सभेत हात वर करवून दाखवले आहे, आणि दक्षिणेच्या बेटावरून हंगामासाठी आलेल्या लोकांना त्या सभेत कुणी विचारत नाही, हेही तेथेच दाखवले आहे.

वंशवेल छापावी का आणि कुठे, हा एक प्रश्न अगदी शेवटपर्यंत उरला होता. अशा कादंबऱ्यांत ती आरंभी देण्याची पद्धत आहे आणि पात्रे पुष्कळ असल्यामुळे वाचकाची सोयही होते. पण पहिल्या पानावरच जन्ममृत्यूंची वर्षे दिली, तर किनाऱ्यावर ओले कपडे पिळणाऱ्या एकवीस-बावीस वर्षांच्या मुलापुढे १७४४ हे वर्ष वाचकाला आधीच दिसते आणि पहिल्या हिवाळ्याची सारी धास्ती निघून जाते. म्हणून मी ती तोडून चार ठिकाणी दिली आहे: प्रत्येक भागाच्या शेवटी, त्या भागातील हयात माणसांना जेवढी ठाऊक आहे तेवढीच.